बारावं नाव

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही शिक्षिका
दारोदार फिरतो. हातात यादी, पर्समध्ये ग्लुकोज.
बाबाजीपुरा, नवापुरा,
मग पाण्याच्या टाकीमागच्या पत्र्याच्या खोल्या.
वरून पत्र आलंय:
मराठी माध्यम, बालवाटिका, पट अकरा.
वाढवा, नाहीतर वर्ग गुजरातीत मिसळू.

मी पाठ झालेलं बोलते.
आईच्या भाषेत मूल लवकर उमलतं, ताई.
पुस्तकं फुकट, गणवेश फुकट,
दुपारचं जेवण, कधीमधी सुखडीसुद्धा.
इस्त्रीवाल्या सुलाबाई बडगुजर
ऐकून घेतात सगळं.
मग इस्त्री उभी ठेवतात, घाम पुसतात:
"खरं सांगा बाई, तुमची कुठं घातली?"

अजून लहान आहे, म्हणाले.
एप्रिलात पाच पूर्ण झाली.

आणि मेच्या शेवटी तर
फतेहगंजच्या त्या उंच फाटकातून
तिचा हात धरून मी आत गेले होते.
कुणी पटेल कॅनडाला गेले, एक जागा सुटली.
श्रीरंग रिफायनरीतून थेट आला,
बूट रुमालाने पुसून.
आवारात दगडांची गुहा, तिच्यात निळ्या पदराची मेरी.
ऊर्वीनं चपला काढल्या, हात जोडले,
आणि मला मोठ्यानं विचारलं, "प्रसाद कुठाय?"
रांगेतल्या आया हसल्या. मीही हसले,
जरा जास्तच.

आतल्या खोलीत तरुण टीचरनं चित्र दाखवलं.
पॅरट. व्हॉट कलर?
ऊर्वी म्हणाली, पोपटी.
टीचर म्हणाली, नो बेटा, से ग्रीन.
ऊर्वीनं चित्र पुन्हा नीट बघितलं.
पोपट आहे ना? मग पोपटी.
श्रीरंग बुटांकडे बघत राहिला.
तो माझ्याच शाळेत शिकलाय, त्याच वर्गात,
अजूनही मीटिंगमध्ये कुणी इंग्रजीत विचारलं
की असाच खाली बघतो म्हणतात.

टेबलाच्या पलीकडे सिस्टर अ‍ॅग्नेला
चष्मा काढून म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं."
मराठीत.
"मी वसईची. निर्मळ.
आई फोनवर अजून बाय म्हणते मला.
इथं बोलत नाही मी. कोणाशी बोलणार?"
आणि फॉर्मवर सही केली.
मग चष्मा घालून पुन्हा इंग्रजी:
फी शनिवारपर्यंत.

बसच्या पैशांसकट हिशेब केला.
माझ्या पगारात बसतं. हेच तर वाईट आहे,
बसत नसतं तर मी किती तत्त्वाची असते.

श्रीरंग भांडत नाही, भाजी निवडताना विचारतो:
"तुला मुलीची काळजी आहे की वर्गाची?"
मी गवारीच्या शिरा काढत बसते.
माझ्या अकरांत तिघं घरी अहिराणी बोलतात,
एक डांगी, दोघं नुसती गुजराती
(त्यांच्या आजोबांचं आडनाव तेवढं मराठी).
नळ तुटलाय, फळा मात्र नवा आहे.
त्या अकरांना मी जीव लावून शिकवते. खोटं नाही ते.
पण खोटं नाही म्हणजे पुरेसं आहे का,
हे मला कोणी सांगत नाही.

काल पटाच्या वहीत बारावं नाव लिहिलं,
पेन्सिलीनं, फिकट.
मुख्याध्यापक बघून गेले. काही बोलले नाहीत,
शार्पनर मात्र माझ्याच टेबलावर विसरले.

उद्या शनिवार.
ऊर्वीनं उशांची शाळा भरवली आहे.
मला शेवटच्या रांगेत बसवलंय,
तोंडावर बोट.
ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळून ती
पट्टी आपटते गादीवर:
"सांगा, पोपटाचा रंग कुठला?"

चौदा वर्षं शिकवतेय मी.
तिच्याकडे बघते, कुठलं उत्तर हवंय हिला,
आणि बोट तोंडावरून काढत नाही.