तिसरं रीळ

विलायतेची ती बाई आमच्याकडे आली
सुरत-भुसावळ पॅसेंजरच्या ब्रेकव्हॅनमधून.
पत्र्याच्या पेटीत सात रिळं, साखळीला कुलूप,
किल्ली नंदुरबारलाच राहिलेली.
राणूलाल शेठने छिन्नी मागवली.

सन एकोणसत्तर, अमळनेर. मी चौदा वर्षांचा.
पोस्टरची हातगाडी ओढायचो, भोंग्यातून ओरडायचो:
फक्त प्रौढांसाठी! फक्त तीन दिवस!
प्रौढ म्हणजे काय, ते मला शेठने सांगितलं नव्हतं.

सुपडू पेंटरला नमुना मिळाला पोस्टाच्या तिकिटाएवढा.
त्यात नुसतं डोकं, तेही धुरकट.
बाकीची बाई त्याने घरून आणली.
दंड, पाठ, कमरेचा तो एक बाक,
आणि उजव्या मनगटावर, हाताच्या सवयीने,
पाच ठिपक्यांचं गोंदण.

मिलची पहिली पाळी सुटली
ती त्या मनगटाखाली येऊन थांबली.
कोणी काही बोललं नाही.
सगळ्यांनी ते मनगट कुठेतरी पाहिलं होतं,
बोरीच्या पुलावर, भाजीच्या टोपलीखाली.

सव्वा रुपया तिकीट. रांग रॉकेलपेक्षा लांब.
पडद्यावर आधी एक डॉक्टर आला, टक्कल, पांढरा कोट,
आणि बोट वर करून दहा मिनिटं बोलला.
हायस्कूलचे देशमुख सर अंधारात, टोपी खिशात घालून बसलेले,
कोणीतरी त्यांना ओळखून विचारलंच: काय म्हणतो, सर?
सर म्हणाले, पोरींना सांभाळा म्हणतो.
मग दीड तास एक पोर
गळ्यापर्यंत बटणं लावलेला ओव्हरकोट घालून
या घरातून त्या घरात खोली मागत हिंडली.
एकदा दार बंद झालं, फिल्म उडाली,
दार उघडलं तेव्हा दोघं चहा पीत होती.
मधे कात्री लागलेली.
सगळ्यात मोठी शिट्टी तिथे पडली,
जिथे काहीच नव्हतं.

काय भो, पोस्टरवरली कथी शे?
पैसा वापस दे!
शेठने मला पुढे केलं. एक चप्पल मला लागली.

तिसऱ्या दिवशी बायकांच्या बाजूला
एकच तिकीट फाडलं मी. कौतिकबाईचं.
पदर मनगटाखाली ओढून ती शेवटच्या बाकावर बसली.

आता रज्जाकभाईचं सांगतो.
डब्यांवरचे आकडे पुसलेले, त्यात त्याला रात्रीचा ताप.
सातवं रीळ त्याने तिसऱ्या जागी लावलं, तिसरं सातव्या.
तिन्ही दिवस तसंच. कोणाला कळलं?
आमच्या गावात त्या पोरीने
आधी दवाखान्यात बाळ दुसऱ्याच्या हातात दिलं,
मग दिवस गेले तिला,
आणि सगळ्यात शेवटी ती एका तळघरात
लाल झग्यात, घामाने ओली, हसत नाचली.
तिथे पडदा पांढरा झाला. दिवे लागले.
डॉक्टरचं बोट मागेच कुठेतरी राहून गेलं.

बाहेर कौतिकबाई मला म्हणाली,
कोटनं बटन लागे नै, तव्हयच वळखं मी.
थोडं चालून पुन्हा वळली:
समदं गयं, तरी नाचनी पोर.

त्या रात्री सुपडूच्या घरातून आवाज आला
अख्ख्या शिंपी गल्लीला:
सिनेमाभर ती कोट घालीसन फिरस,
आनि तू तिले इतली थंडीमा उघडी काढी?

सकाळी गाडी न्यायला गेलो तर पोस्टरवर डांबर.
ओबडधोबड कोट, गळ्यापासून खाली.
बाही मात्र मनगटाच्या अलीकडे थांबलेली.
गोंदण तेवढं बाहेर ठेवलेलं.

शेठने शिव्या घातल्या, पण खेळ संपलेलेच होते.
रिळं चोपड्याला जायची होती.
पेटी मी भरली. रज्जाकभाई तापात पडून.
उजेडात धरून फिल्म बघितली, मला कळलं
कुठलं रीळ कुठलं.
खडूने आकडे टाकले.
नाचाचं रीळ हातात घेऊन थोडा वेळ बसलो,
आणि त्याच्यावर सात लिहिलं.