जिरं न घातलेला कीस

चिठ्ठी उघडली तर स्वित्झर्लंड.
शिवलीलाला जपान, मिस्बाहला तुर्कस्तान,
ग्लेनिसला पोर्तुगाल. तिचं काय, आजीला विचारलं की झालं.
आमच्या कादंबरीच्या वाट्याला बर्फ.

शुक्रवारी डबा. बेचाळीस पोरांना चव पुरली पाहिजे.
अंडं नको, मांस नको,
शेंगदाणा, अक्रोड काही नको, वेदांतचा घसा सुजतो.
तल्लूर मिसनी लाल शाईने लिहून दिलेलं,
खाली माझी सही.

वडगावात रात्री नऊला आमच्या गल्लीतले माग थांबतात.
कानात खडखड राहतेच थोडा वेळ.
तिघं मोबाइलभोवती बसलो.

चॉकलेट तिनंच खोडलं.
विकतचं नेणं म्हणजे, म्हणाली,
दुसऱ्याच्या अक्षरात निबंध.

मग वितळवलेलं चीज.
सगळ्यांनी एकाच भांड्यात पाव बुडवायचा.
भांडं मला फार आवडलं.
वाचत गेले तर तिसऱ्या ओळीत वाईन.
"मिसना विचार की, चालते काय," हे म्हणाले.
चीजचा भाव बघितला
आणि पान आपोआप वर सरकलं.

एक पाव होता, वेणी घातलेला, रविवारचा.
कादंबरीनं स्वतःची वेणी पुढं ओढून पेड मोजले.
पण वरून अंडं फासायचं,
आणि भट्टी कॅम्पातल्या बेकरीत.

ओट्स रात्रभर दुधात, वर किसलेलं सफरचंद.
"हे दूधपोहेच की!"
त्यातही अक्रोड.

आणि मग रोश्टी.
अर्धेकच्चे उकडलेले बटाटे, किसायचे,
लोण्यात थापायचे, खालून लाल होईपर्यंत हात लावायचा नाही.
मी हसायलाच लागले.
अगं, हा तर एकादशीचा कीस,
जिरं घालायचं विसरलेला.

ती वाचतच होती.
त्या देशात म्हणे एक रेघ आहे,
नकाशावर कुणी न काढलेली.
अलीकडे जर्मन बोलतात, पलीकडे फ्रेंच.
त्या रेघेला ह्याच पदार्थाचं नाव:
रोश्टीचा चर.
"हे कार्डावर लिहू, पप्पा?"

सासऱ्यांच्या ट्रंकेत अजून काळी फीत आहे,
घडी न मोडलेली.
ह्यांनी उठून पाणी प्यायलं.
तांब्या जागेवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.
"खरं असेल तर लिही की."

शुक्रवारी पहाटे चारला तवा ठेवला.
चार किलो बटाटा, आपल्याच लाल मातीतला,
लोणी खानापूरकडच्या गवळ्याचं.
पहिली मोडली. दुसरी करपली, ती ह्यांनी खाल्ली.
तिसरी सुटली.

वर्गात काय झालं ते मला तुकड्यांत कळलं.
शिवलीला म्हणाली, आलूगड्डी.
मिस्बाह म्हणाली, आलू.
ग्लेनिसला जास्तीची पाहिजे होती.
कार्ड वाचताना चराच्या ओळीपाशी मिस जरा थांबल्या,
मग म्हणाल्या, पुढं वाच.
डबा आला तेव्हा कोपऱ्यात एक करपलेला कण होता,
तो मी नखानं काढला.

रविवारी शिवलीलाच्या आईचा निरोप: कृती पाठवा.
मला कन्नड बोलता येतं,
बाजारापुरतं, दवाखान्यापुरतं, भांडणापुरतं.
लिहिता येत नाही.
म्हणून मी सांगत होते आणि कादंबरी लिहीत होती
त्या गोल गोल अक्षरांत,
जी तिच्या हाताला माझ्याआधी कळली.

"बटाट्याचा कीस," मी म्हटलं.
"तुरी," ती पुटपुटली.
"तुरी कशाला? ह्यात डाळ नाही."
"आई, तुरी म्हणजे कीस!"
तिचा पेनच हसून सांडला.

पुढं सांग.
पुढं काय, ताट झाकायचं,
श्वास धरायचा,
आणि एका झटक्यात उलटं करायचं.
"श्वास पण लिहू?"
लिही. त्याच्याशिवाय मोडते.