सगळ्यात हळू उघडणारी

उमरेडला बायपासवर, पेट्रोलपंपाच्या अलीकडं
नखातेंच्या दुकानात अठरा तिजोऱ्या उभ्या होत्या,
मुलगी बघायला आलेल्यांसमोर घरचे उभे राहतात तशा,
पुसलेल्या, गप्प.

कामावरचा पोरगा हात लावून दाखवत होता:
ही अंगठ्यानं उघडते काका, तीन सेकंदांत.
ही आकड्यांची. हिला मोबाइल लागतो.
ही आगीत अर्धा तास टिकते, ती तासभर.
चोर आला तर...
मी म्हटलं, बाबू,
सगळ्यात हळू उघडणारी कोणती?

तो हसला, मग मालकाकडं पाहू लागला.
नखातेंनी चष्मा कपाळावर चढवला.
तीस वर्षांच्या धंद्यात
हे कोणी मागितलं नसावं.

बंदूक बापाच्या काळची. बारा बोअर, एकनळी.
लायसनवर लिहिलंय: पीक संरक्षण.
डुकरं हरभऱ्यात उतरली की मचाणावरून
हवेत एक बार, मग रात्रभर कुत्री.
निवडणूक लागली की भिवापूरच्या ठाण्यात जमा करायची,
पावती घडी करून पाकिटात,
निकालानंतर आणून तेल द्यायचं.
बाकी वर्षभर खुंटीवर, छत्रीच्या बाजूला.
पाहुणे म्हणायचे, शोभते.

मागच्या कार्तिकात काशिनाथच्या ट्रॅक्टरनं
धुरा कोरला. दीड हात.
दीड हात म्हणजे तुरीची एक ओळ,
शेंगा धरलेली.
चुलतभाऊच तो. शब्दाला शब्द लागला
आणि तो माझ्या आईवर गेला.
घरी आलो. वहाणा काढल्याचं आठवत नाही.
दारापासून खुंटीपर्यंत सात पावलं,
ती आठवतात,
आणि लाकूड हाताला गार लागलं ते.

यमुना चुलीपाशी कण्या ढवळत होती.
उठली नाही, ओरडली नाही.
म्हणाली, काडतुसं पेटीत हायेत,
पेटीची किल्ली माह्यापाशी हाय,
आन् कण्या बुडाले लागून राह्यल्या,
तुमी बसता का मी उतरवू?
मी बसलो.
करपलेल्या कण्या खाल्ल्या.
मीठ जास्त होतं, बोललो नाही.

म्हणून नखातेंना म्हटलं, अंगठ्याची नको.
अंगठा माझाच आहे,
रागात तो माझंच ऐकेल.
जाड पत्र्याची द्या, उभी, नळी मावेल अशी.
दोन किल्ल्यांची. एक फिरवली
तरी दुसरीशिवाय दांडा हलू नये.
काडतुसांचा खण निराळा, त्याचं कुलूप निराळं.
एकशे दहा किलो भरली. ऑटोवाल्यानं
दोनदा भाव वाढवला.

हिरामण मिस्त्रीनं भिंतीवर बोट वाजवलं.
माती हाय भाऊ, बोल्ट धरत नाही,
आधी भिंत बांधा.
तीन पोती सिमेंट, दोनशे विटा.
वीस वर्षं यमुना पक्की भिंत मागत होती
स्वयंपाकघराला.
ती विटा मोजत राहिली. मीही काही बोललो नाही.

आता एक किल्ली माझ्या करगोट्याला.
दुसरी कुठं असते मला ठाऊक नाही.
नातवालाही नाही, ज्याला गुळाचा डबा
माळ्यावर ठेवला तरी सापडतो.

परवा रात्री, दोन वाजले असतील,
हरभऱ्यात करकर झाली. मी तिला हलवलं:
किल्ली दे. डुक्कर आलंय.
ती उठून बसली. केस बांधले, सावकाश.
अंधारातच विचारलं,
चार पायाचं का दोन?

चार, मी म्हटलं.
तरी बॅटरी घेऊन परसात गेली,
धुऱ्यापर्यंत उजेड फिरवून आली,
मग किल्ली.
तोवर डुकरं निघून गेलेली.
हरभरा गेला थोडा.
जाऊ दे.