समासातली नोंद

आर्नेमच्या प्रयोगशाळेत आजचा एकेचाळिसावा फटका.
जाड काचेमागे वीत्स्के बटण दाबते,
तांबे-क्रोमचे दोन ओठ विलग होतात
बाटलीत, जिथे हवासुद्धा नाही.
धारा शून्यावर येते, तुटते.
शेड हादरून गप्प.

आता फक्त थांबायचं.
नियमानं तीनशे मिलिसेकंद,
पापणी लवायला लागतात तेवढे.
पडद्यावर व्होल्टेजची लाट, एकसारखी, शहाणी.
नवा पोरगा, टायमेन, कॉफीकडे वळलासुद्धा.

चारशे बाराला लाट दचकते.
एक ठिणगी, कुणी न बोलावता,
आणि पोकळी लगेच सावरून बसते
काही झालंच नाही अशी.

"ही धरायची?" टायमेन विचारतो.
"मुदत तर संपली होती."

वीत्स्के रकान्यात काहीच भरत नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिते: ४१२.
गेल्या रविवारी आईकडे,
सूप वाढताना, अकरा वर्षांनी,
योरिसचं नाव तिच्याच तोंडून निसटलं होतं
आणि मग सगळे
बराच वेळ पाव कापत राहिले.

खोडरबर हातात घेऊन ती परत ठेवते.
"बेचाळिसावा," म्हणते. "चार्ज कर."