बदली

परवा जुबिली क्लबातून फोन आला.
काका, रायसाहेब पिंपळखुट्यांच्या नावाची पाटी लावतो आहोत,
'यांनी क्लबाचं दार सर्वांसाठी उघडलं'.
तेवढी तारीख सांगा. वह्या तुमच्याकडेच आहेत ना?

आहेत. माळ्यावर, संत्र्याच्या पेटीत.
वाळवीने कडा खाल्ल्या, आकडे ठेवले.

तारीख सापडली. चोपन्न साल, संक्रांतीनंतरचा रविवार,
कामठीच्या पलटणीविरुद्ध.
सातव्या क्रमांकावर दौलत रामटेके, राहणार इंदोरा.
धावा तेवीस, बळी चार.
अक्षर माझंच. जरा जास्तच दाबून लिहिलेलं.

स्कोरबुकात श्रेयाचा हिशेब सोपा असतो.
झेल गेला की दोन नावं:
पकडणाऱ्याचं आणि टाकणाऱ्याचं.
धावचीत झाला तर गोलंदाजाला काहीच नाही.
आणि ज्या धावा कुणाच्याच बॅटच्या नसतात
त्या अवांतर. सामना कितीदा
त्यांच्यावरच सुटतो.

रायसाहेबांनी सही केली, खरं आहे.
त्या मोसमात आमचे दोन गोलंदाज नोकरीपायी जबलपूरला गेले,
हेही खरं.
मिलच्या टीमने आम्हाला ओळीने चारदा धुतलं,
आणि धुणारा दरवेळी दौलतच होता.
हरायला लागलं की मन लवकर मोठं होते, बाप्पा.

जेवणाच्या सुट्टीत तो पंगतीत बसला,
तेव्हा दोघे पानावरून उठले.
होमी बलसारा, आमचा यष्टिरक्षक,
आपलं ताट उचलून त्याच्याशेजारी टेकला,
म्हणाला, बसा रे, वरण गार होते.
पुढे कितीतरी वर्षांनी मी त्याला त्याबद्दल विचारलं.
म्हणाला, मला भूक लागली होती.

आणि दौलत?
त्याला बजावलं होतं, वर्षभर उलट बोलायचं नाही.
ही अट वहीत कुठेच नाही.
हात विजेसारखा, पण उसळता चेंडू
त्याने एकदाही टाकला नाही.
कुणाच्या कपाळाला लागला असता तर पुढे काय,
हे त्याला आमच्याआधी कळत होतं.

छप्पनच्या दसऱ्याला सामना होता. तो आला नाही.
मी लिहिलं: गैरहजर.
संध्याकाळी सायकलवर घरी निघालो
तर रस्ताभर पांढरे कपडे, बायामाणसं, पोरं,
आणि त्या गर्दीत दौलत,
अंगात तीच क्लबाची पँट, तोच सदरा,
आईने नीळ देऊन धुतलेला.
मला बघून हसला. पहिल्यांदाच मोठ्याने.
दार कोणी उघडलं म्हणता?
तो तर ते ओलांडून पार पुढे गेला होता.

फोन ठेवून आणखी जुनी वही काढली. शेहेचाळीस.
मी पंधरा वर्षांचा, स्कोररच्या हाताखाली.
एका ओळीत अडकलो:
झे. बदली.

फागू. सीमारेषेपलीकडे निंबाखाली बसायचा,
चेंडू आणून देण्याचा एक आणा.
त्या दिवशी दोघांना ऊन लागलं, माणूस कमी पडला,
कप्तान म्हणाला, ए, तू, उभा राहा तिकडे.
उलट धावत, खांद्यावरून बघत, त्याने तो झेल घेतला.
तसा झेल मी पुन्हा पाहिला नाही.
टाळी वाजली. मग आवाज आला,
चेंडू खाली ठेव, जमिनीवर.
त्याने ठेवला. आम्ही उचलला.

बदलीचं नाव लिहीत नाहीत, नियमच आहे.
पण मला नाव ठाऊक होतं.
माझ्या सायकलीत रोज तोच हवा भरायचा.

आज पेन्सिलला टोक काढलं,
'बदली'च्या वर, बारीक अक्षरात, लिहिलं: फागू.
पुढे जागा सोडली.
आडनाव
मी कधी विचारलंच नव्हतं.

फोन पुन्हा वाजतो आहे.