त्रेचाळिसावा भाग

माझ्या प्रबंधाचा विषय सांगितला की लोक आधी हसतात:
नव्वदच्या दशकात, तिबिलिसीत,
लाईट नसताना लोकांनी टीव्हीवर काय पाहिलं.

"नसताना?" प्राध्यापक वाझा चष्मा कपाळावर सरकवतात.
"नसताना," मी म्हणते, आणि अर्जावर सही घेते.

त्या हिवाळ्यांत वीज यायची तासभर,
कधी पहाटे तीनला, न कळवता आलेल्या पाहुण्यासारखी.
अख्खी गल्ली ओरडायची: आली! आली!
आणि मग एकदमच इस्त्री, पाव, अंघोळीचं पाणी,
आणि टीव्ही.
टीव्हीवर समुद्रापलीकडची मालिका.
एकच बुवा सगळ्यांचे आवाज काढायचा, नायिकेचासुद्धा,
पडसं झाल्यासारखा.
नायिका आंधळी. तिला टाकून गेलेली आई श्रीमंत.
एवढं सगळ्यांना पाठ.
पुढचं ज्याच्या त्याच्या मीटरवर.

मी सहा वर्षांची होते. मला तिचा हिरवा झगा आठवतो.
आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता.
हे मी प्रबंधात घातलेलं नाही.

कॅसेट तळघरात आहेत, बुरशी धरलेल्या.
हातमोजे घालून सगळ्या पाहिल्या,
वहीत रकाने आखून: शॉट, सेकंद, कोण कुठे बघतंय.
त्रेचाळिसाव्या भागात आई दारात येते.
नायिका पावलं ऐकते. दार लावून घेते.
संपलं. नावं वर सरकू लागतात.

पण सोलोलाकीतल्या त्या चौकात,
जिथे लाकडी गॅलऱ्या एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या आहेत,
मला त्रेचाळिसावा भाग तिघींनी सांगितला
आणि तिघींच्याही गोष्टीत ती आईला माफ करते.
हात हुंगून ओळखते, लमझिरा म्हणाली.
हुंगून कसली, खोकल्यावरून, दोदो म्हणाली.
नातेलाच्या मते दोघी आधी पोटभर भांडतात.
या लमझिरानं पुढे सहा वर्षं सालोनिकीत
परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार केली, मुलीला इथे ठेवून.
आवाज चढले. मी रेकॉर्डर मध्ये सरकवला.
त्सिसाना इतका वेळ अक्रोडाचा मुरांबा वाढत होती.
चमचा चाटून म्हणाली,
"त्या आठवड्यात लाईट होतीच कुठे?"

बराच वेळ नुसते चमचे.

लाईट नव्हती. गुरामकडे गाडीची बॅटरी होती.
तिसऱ्या मजल्यावर, पाठीमागे उघडं दार ठेवून,
कठड्यावर ओणवा होऊन तो खाली मालिका सांगायचा.
खाली शाली, रॉकेलचा वास, कुणाच्या तरी मांडीवर मी.
"आता ती उठली. आता आई रडतेय. थांबा, जाहिरात."

जाहिरातसुद्धा सांगायचा?
"हो तर. साबणाची. साबण मिळत नव्हता तेव्हा."

गुराम आता नाही. त्याची एतेर वरच राहते.
टीव्ही आहे. त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर औषधं.
"बॅटरी?" तिनं गोळ्यांची डबी उगाचच सरळ केली.
"ती नोव्हेंबरातच विकली, पिठासाठी.
काळ्या काचेसमोर जरा वेळ बसायचा मेला,
मला डोळा मारायचा,
आणि जाऊन सुरू.
खाली बोलू नकोस."

प्राध्यापकांनी समासात लाल पेनानं लिहिलंय: स्रोत?
त्या प्रश्नचिन्हासमोर माझ्या तीन रात्री गेल्या.
कॅसेट क्रमांक लिहू, की मजला?

जिना उतरताना लमझिरानं बाही धरली.
"तू तर खऱ्या पाहिल्यास.
केलं ना गं तिनं माफ?"

दार लावून घेते. मिनिट एकोणचाळीस, सेकंद बारा.

म्हटलं, तो भाग अजून सापडलेला नाही.

रेकॉर्डर हातात चालूच होता.