चोवीस

महाप्याला, सहाव्या मजल्यावर,
ऐन मे महिन्यात मी शाल घेऊन बसायचे.
करडी, दशा सुटलेली.
ऑफिसातून ती कधी घरी गेली नाही.

बाहेर हवा न पिळलेल्या पंचासारखी.
गेटपासून लिफ्टपर्यंत आलं
तरी ब्लाउज पाठीला चिकटतो
आणि काचेचं दार उघडताच तोच घाम
गार बोटांनी मणके मोजू लागतो.

माझ्या बरोब्बर डोक्यावर एसीची जाळी.
शहाणे बसतात पश्चिमेच्या काचेला पाठ लावून,
चार वाजले की कॉलरचं बटण सोडतात
आणि उठून भिंतीवरच्या डबीत बावीस करतात.
ते चहाला गेले की मी सव्वीस.
परत आले की ते बावीस.
अकरा वर्षं चाललाय हा संसार,
बोलणं मात्र व्हाउचरांपुरतं.

यंदा उलटंच झालं.
पाडव्याच्या सुमाराला
छातीतून मानेकडे जाळ सरकू लागला,
दिवसातून पाच-सहा वेळा, न सांगता.
पन्नाशी, डॉक्टरीण म्हणाली,
जणू पन्नाशी हाही एक ऋतूच.
मी उठले आणि डबीत
स्वतःच्या हाताने बावीस केलं.
शहाण्यांनी पाहिलं.
काही बोलले नाहीत, फक्त
बँकेचं पुठ्ठ्याचं कॅलेंडर सरकवलं माझ्याकडे,
वारा घ्यायला.
शाल आता रेवा टिपणीसच्या खांद्यावर आहे.
नवी आहे, तिला अजून कुणी काही विचारत नाही.

काल प्लांटवरचे मढवी गच्चीतून खाली आले.
शर्ट असा भिजलेला
की खिशातल्या पावतीची शाई उतरलेली.
वर यंत्रं आपली सगळी आग बाहेर ओकतात,
पत्र्याला हात लावता येत नाही, म्हणाले,
पाच मिनिटं उभा राहतो इथं.
मी डबीची तक्रार केली,
कधी ऐकते, कधी ऐकत नाही.
ते हसले.
"बाई, तिची वायर कधीच कापलीय,
तुम्ही इथं यायच्या आधीच.
वरनंच चोवीस लावलेलं असतं. सगळ्यांना."

आज चार वाजता शहाणे उठले.
एका बोटाने, हलकेच,
बावीस.
मग वळून मला म्हणाले,
"आता बरं वाटतंय?"

मी हो म्हटलं.
आणि खरंच,
जरासं वाटलंही.